तालुक्याच्या किराणा दुकानात सेल्फ चेकआउट: काय चालेल, काय अडेल, आणि काउंटरवरच्या पोरापोरींचं काय?

वर्धाकाठ
हिंगणघाट, आर्वी, वणी, दर्यापूर, उमरेड या आकाराच्या गावांत ग्राहकानं स्वतः टोपली घेऊन फिरायची किराणा दुकानं आता रुळली आहेत. त्यांच्याकडे सध्या सेल्फ चेकआउट किऑस्कची कोटेशनं येत आहेत: ग्राहक स्वतः स्कॅन करेल, क्यूआरवर पैसे देईल, पावती घेऊन निघेल, दोन माणसांचा पगार वाचेल.
चर्चेसाठी दुकान असं धरा. दोन हजार चौरस फूट, साधारण चार हजार आयटम, दोन बिलिंग काउंटर, सहा कामगार. दाळ, तांदूळ, साखर, फल्ली दाणे, मसाले बव्हंशी सुटे. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी अकरा ते तीन गर्दी, बाकी दिवस तुरळक. लाइनचा (विजेचा) आणि नेटचा भरवसा नाही. अशा ठिकाणी यातलं काय टिकेल? नुसतं 'चालते' किंवा 'नाही चालत' नको, तपशील द्या.

बिलिंगवाला
किऑस्क राहू द्या, आधी आयटम मास्टर, म्हणजे संगणकातली मालाची यादी, उघडून पाहा. काउंटरवरचं ऑटोमेशन कोसळतं ते बहुतेक वेळा तिथूनच.
पाकिटावरचा ८९० नं सुरू होणारा तेरा अंकी क्रमांक फक्त वस्तूची ओळख सांगतो, भाव सांगत नाही. भाव दुकानाच्या संगणकात असतो आणि तो तिथं कोणीतरी हातानं भरलेला असतो. त्यामुळे एकाच बारकोडवर दोन एमआरपी हा नेहमीचा घोळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा एका शेल्फवर जुन्या आणि नव्या छापील किमतीचा माल शेजारी शेजारी होता, बारकोड तोच. अशा वेळी काउंटरवर सॉफ्टवेअर दोन ओळी दाखवून 'कोणती?' विचारतं, आणि बसलेला माणूस पाकीट उलटं करून एमआरपी पाहून निवडतो. हाच प्रश्न किऑस्क ग्राहकाला विचारेल. ग्राहक कमी किमतीच्या ओळीवर बोट ठेवेल, आणि त्यात त्याची चूकही म्हणता येणार नाही.
दुसरा घोळ संचाचा. चार साबणांच्या बाहेरच्या वेष्टनावर वेगळा बारकोड, आतल्या वडीवर वेगळा. वेष्टन पारदर्शक असलं की स्कॅनर आतला कोड उचलतो आणि चार वड्या एका वडीच्या भावात जातात. माल आवक करतानाच आतल्या कोडवर पांढरी पट्टी चिकटवायची, दुसरा उपाय नाही.
तिसरा घोळ बिनबारकोडच्या मालाचा. बचत गटाचे पापड, शेवया, मूगवड्या, तिखट. यांना दुकानाचा स्वतःचा कोड द्यायचा तो २ नं सुरू होणारा. २० ते २९ ही सुरुवात दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखीव आहे, म्हणून बाहेरच्या कोणत्याही मालाशी टक्कर होत नाही. बरेच जण १, २, ३ असे छोटे नंबर देतात आणि मग कोणीतरी नग टाइप करायच्या जागी कोड टाइप करून ठेवतो.
कोटेशनवर सही करण्याआधी एक चाचणी करा. शेल्फवरून डोळे मिटून शंभर वस्तू उचला, स्कॅन करा; नाव, एमआरपी, विक्रीभाव, कराचा दर ताडून पाहा. दोनपेक्षा जास्त चुकल्या तर किऑस्कचा विषय सहा महिने पुढं ढकला.

काटापासिंग
वजनाकडे वळू. तुम्ही मांडलेल्या दुकानात खरी अडचण तिथं आहे.
किराण्यात चालणारा साधारण इलेक्ट्रॉनिक काटा म्हणजे क्लास थ्री (अचूकतेचा वर्ग), ३० किलो क्षमता, ५ ग्रॅमचा टप्पा, म्हणजे आकडा पाच-पाच ग्रॅमनं बदलतो. अशा काट्यावर कमीत कमी वजन टप्प्याच्या वीसपट, म्हणजे १०० ग्रॅम. ते काट्याच्या पट्टीवर 'मिन' म्हणून लिहिलेलंच असतं. त्यावर ५० ग्रॅम जिरं किंवा १० ग्रॅम वेलची तोलणं चूक आहे. मसाल्यासाठी बारीक टप्प्याचा वेगळा काटा लागतो. पासिंगच्या, म्हणजे सरकारी पडताळणीच्या, वेळी चालणारा फरक असा: अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, दहा किलोपर्यंत ५ ग्रॅम, त्यापुढं ३० किलोपर्यंत साडेसात ग्रॅम. फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी. लोडसेल (काट्यातला वजन मोजणारा भाग) बदलला किंवा सील तुटलं तर वर्ष पुरं व्हायची वाट न पाहता पुन्हा पडताळणी करून घ्यायची.
किऑस्कची चोरीवरची राखण वजनावरच उभी आहे. स्कॅन केलेली वस्तू बाजूच्या ताटावर ठेवायची, यंत्र तिचं वजन नोंदलेल्या वजनाशी जुळवतं, जुळलं नाही तर लाल दिवा लावून थांबतं. म्हणजे चार हजार आयटमचं एकेक वजन आधी नोंदवायला हवं. वर पंख्याचा वारा, खाली हलणारी फरशी, ताटावर टेकलेला लेकराचा हात. गर्दीत हा दिवा सारखा पेटत राहतो आणि तो बंद करायला माणूस लागतोच.
सुट्या मालाचं खरं ऑटोमेशन म्हणजे लेबल छापणारा काटा. दाळ तोलली, बटण दाबलं, बारकोडचं लेबल निघालं, काउंटरवर फक्त स्कॅन. तो बारकोड वाचून पाहा: २१००१४५००७५०१. पहिले दोन अंक २१ म्हणजे दुकानाचा वजनी माल. पुढचे पाच, ००१४५, मालाचा कोड. त्यापुढचे पाच, ००७५०, वजन ग्रॅममध्ये. शेवटचा १ हा पडताळणीचा अंक. काट्यात हे पाच-पाच असं लावलं आणि बिलिंगमध्ये सहा-चार लावलेलं राहिलं, की पाऊण किलो तूरदाळीच्या जागी १४५० कोडचा भलताच माल येतो. काटा बसवणारा एक, सॉफ्टवेअरवाला दुसरा, म्हणून हे सर्रास घडतं. दोघांना एकाच दिवशी बोलवा.
लेबलमध्ये वजन भरायचं की रक्कम, हेही आधी ठरवा. वजन भरलं आणि मध्ये भाव बदलला तर बिल आजच्या भावानं निघतं, पण लेबलवर कालची रक्कम छापलेली असते. मग काउंटरवर वाद. भाव बदलायचा तो रात्री दुकान बंद झाल्यावर, आणि आधी छापलेल्या थैल्या सकाळी पुन्हा लेबल करायच्या.

वर्धाकाठ
सकाळीच पोरांनी अर्धा-अर्धा किलोच्या थैल्या भरून लेबल लावून शेल्फवर ठेवल्या तर? दुपारच्या गर्दीत काट्यापुढची रांगच राहणार नाही.

काटापासिंग
रांग राहणार नाही, पण कायद्याचा खाना बदलतो, आणि विक्रेते हे सांगत नाहीत. ग्राहकासमोर तोलून बांधून दिलेला माल सुटा. ग्राहक यायच्या आधी ठरावीक वजनात बांधून ठेवलेला माल आवेष्टित. आवेष्टित मालावर बांधणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, एमआरपी, एककाचा भाव, तक्रारीचा संपर्क हे सगळं छापावं लागतं. बांधणी सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत वैध मापन शास्त्र विभागाकडे (वजनमापांचं सरकारी खातं) पॅकर म्हणून नोंदणीचा अर्ज करावा लागतो. अन्न परवान्यातही रिपॅकिंग जोडून घ्यावं लागतं.
करही बदलतो. १८ जुलै २०२२ पासून दाळ, तांदूळ, पीठ २५ किलोपर्यंत आवेष्टित आणि लेबल लावलेलं असेल तर ५ टक्के जीएसटी. कट्टा फोडून सुटं तोललं तर काही नाही. म्हणजे तीच तूरदाळ, तोच कट्टा, पण मास्टरमध्ये दोन वेगळे आयटम हवेत. एकच ठेवला तर महिन्याअखेर रिटर्न भरताना लेखापाल डोकं धरून बसतो.

बिलिंगवाला
काटापासिंग भाऊंच्या म्हणण्यात एक जोड. काटा थेट संगणकाला जोडला असेल तर दोन बिघाड सतत येतात. पहिला: यूएसबीची वायर दुसऱ्या खाचेत लावली की कॉम पोर्टचा (संगणक ज्या नंबरनं काटा ओळखतो त्याचा) नंबर बदलतो आणि वजन शून्य येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या वायरला जुनाच नंबर बांधून द्यायचा आणि खाचेवर रंगाची खूण करायची. दुसरा जास्त वाईट: काटा स्थिर व्हायच्या आधीच सॉफ्टवेअर आकडा उचलतं. थैली आपटून ठेवली की तेवढ्या क्षणाचं जास्त वजन बिलात जातं आणि ग्राहक लुटला जातो. सेटिंगमध्ये 'फक्त स्थिर वजन घ्या' हा पर्याय असतो, तो चालू आहे का ते बसवणाऱ्यासमोर तपासा. पाच किलोचं वजन मुद्दाम आपटून ठेवा आणि बिलात काय येतं ते पाहा.

खतदुकान_यवतमाळ
हा सगळा प्रयोग आपल्या भागात आधीच झाला आहे, कृषी केंद्रात. अनुदानित खताची विक्री मार्च २०१८ पर्यंत देशभर पॉस मशीनवर गेली. शेतकऱ्याचा आधार क्रमांक, अंगठा, खत निवडा, कट्टे टाका, पावती. कागदावर दोन मिनिटांचं काम.
जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर काय होते ते सांगतो. डवरण, निंदण, कापूस वेचणीनं बोटाच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही. हात धुवा, पुसून कोरडे करा, बोट अगदीच कोरडं पडलं असेल तर किंचित ओलावा द्या, अंगठा सोडून मधलं बोट लावा, काच मऊ फडक्यानं पुसा. तरी दोन-चार माणसं अडतातच. रेशन दुकानात नवीन ई-पॉससोबत बुबुळाचे स्कॅनर आले, तिथं थोडं सोपं झालं.
दुसरी गोष्ट, ट्रक उतरला तरी मशीनमध्ये आवक मान्य केल्याशिवाय एक कट्टा विकता येत नाही. गोदामात युरियाची थप्पी, आणि मशीन म्हणते शिल्लक शून्य. लोकांना वाटते दुकानदार दडवून ठेवत आहे. उलटंही होते: घाईत माल दिला, नोंद राहिली, मशीनमध्ये शिल्लक जास्त आणि गोदाम रिकामं. तपासणीत तोच पहिला मुद्दा. म्हणून रोज संध्याकाळी थप्पी मोजून मशीनशी जुळवणं हे नवीन काम तयार झालं, आणि ते माणूसच करतो. मशीन आल्यानं एकही पोरगा कमी झाला नाही. हंगामात एक जास्त लागते.

टॉवरखाली
पैशाच्या बाजूचं लिहितो. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर आणि साउंडबॉक्स बिलाला जोडलेला नसतो. रक्कम ग्राहक टाकतो, डबा फक्त आकडा बोलतो. ३४० च्या जागी ३०४ आले तर गर्दीत कोणाच्या लक्षात येत नाही. दर बिलाला वेगळा क्यूआर निघतो त्यात रक्कम आणि बिलाचा संदर्भ आधीच भरलेला असतो, ग्राहकाला फक्त पिन टाकायचा. किऑस्कला असाच लागतो, आणि पैसे जमा झाल्याची खूण नेटवरून परत यावी लागते. ती आली नाही तर ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापलेले आणि यंत्र म्हणतं 'बाकी'.
अशा वेळी करायचं ते इतकंच: दुसऱ्यांदा पैसे मागू नका. ग्राहकाच्या अॅपमधला बारा अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, बिलावर लिहा. दुकानाच्या अॅपमध्ये तोच क्रमांक शोधा. तिथं दिसला तर माल द्या, साउंडबॉक्स बोलो न बोलो. नुसत्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नका, खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अॅपं आहेत. दुकानापर्यंत पैसे पोचल्याची खात्री झाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी; त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही चिठ्ठी मराठीत छापून काउंटरवर लावा, निम्मी भांडणं मिटतात.
राउटरमध्ये एक सिम, साउंडबॉक्समध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. बाजाराच्या दिवशी टॉवरवर ताण येतो तेव्हा दोन्ही एकदम बसत नाहीत.

तलाववाला
लाइन आणि ऊन. ६०० व्हीएचा यूपीएस संगणक आणि प्रिंटरला दहा-पंधरा मिनिटं पुरतो, तो फक्त बिल सेव्ह करण्यापुरता धरा. रोजच्या कपातीसाठी इन्व्हर्टर वेगळा, आणि काटा-प्रिंटरसाठी शुद्ध साइन वेव्हचाच.
थर्मल पावती उन्हात काळी पडते किंवा फिकी होते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, टिनाच्या शेडखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेली पावती थोड्याच दिवसांत वाचता येत नाही. लेबलचा रोल खिडकीशी ठेवला तर लेबलही करपतं आणि बारकोड स्कॅन होत नाही. वॉरंटीचा माल असेल तर साध्या कागदावर बिल द्या. पावतीवर मराठी हवी असेल तर हेही लक्षात घ्या, की स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं आत भरलेली नसतात. ती चित्र म्हणून जातात, छपाई हळू होते, कागद जास्त जातो. तरी मराठीच छापा. 'टीडी फटका' (तूरदाळ फटका) असं रोमन लिपीतलं तुटकं नाव वाचून म्हाताऱ्या माणसाला हिशेब ताडता येत नाही, आणि हिशेब ताडता येणं हा त्याचा हक्क आहे.

मोठेबजार
बाहेरच्या जगातलं थोडक्यात. ओहायोतल्या ट्रॉय गावी २६ जून १९७४ ला पहिला बारकोड काउंटरवर वाचला गेला. पुढं अमेझॉननं २०१८ मध्ये कॅशियरशिवायचं दुकान उघडलं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून तेच तंत्र काढायला घेतलं. इंग्लंडच्या बूथ्सनं २०२३ मध्ये बहुतेक शाखांतले सेल्फ चेकआउट हटवले. टार्गेटनं २०२४ पासून बहुतेक दुकानांत दहा वस्तूंची मर्यादा घातली. इतका पैसा आणि कॅमेरे असलेल्यांनी मर्यादा घातली, हे विक्रेत्यासमोर ठेवा. आरएफआयडी टॅगचं (रेडिओ लहरींनी वाचायची चिप) कोणी सुचवलं तर ते कपड्यांच्या दुकानाला शोभतं. तेलाचा पिपा आणि पाण्याची बाटली त्या लहरी अडवतात, आणि पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर टॅगचा खर्च बसत नाही.

दिवाणजी
कोणी उधारीचं बोललं नाही. आपल्याकडे निम्मं दुकान खात्यावर चालते. जून-जुलैत माल जाते, सोयाबीन-कापूस विकल्यावर ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत वसूल होते. किऑस्कला 'लिहून ठेव' म्हणता येत नाही. कोणाला किती द्यायचं, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाची बोंडअळीनं कपाशी गेली, हे पाहून मर्यादा ठरते. सॉफ्टवेअरमध्ये पार्टी लेजर, म्हणजे ग्राहकवार खातं, उघडा, प्रत्येक खात्यावर मर्यादा टाका, दर उधार बिलावर ग्राहकाची सही किंवा मोबाइलवर मेसेज घ्या. पण मर्यादा ओलांडायची परवानगी माणसाकडंच ठेवा.

उमरेडची
आता कामाचं. वरच्या पोस्टींत 'माणूस लागतोच' असं सगळे म्हणत आहेत, ते अर्धंच खरं आहे. माणूस लागतो, पण तोच लागेल असं नाही. हजार भाव तोंडपाठ असणाऱ्या जुन्या नोकराची किंमत बारकोड आल्या दिवशी घसरली. आणि बिलिंग काउंटर हे तालुक्याच्या गावात बारावी आणि एमएस-सीआयटी झालेल्या मुलींना मिळणाऱ्या मोजक्या बसून करायच्या, पगारी कामांपैकी एक आहे. ते गेलं तर तिच्यासाठी निंदण-वेचणी किंवा नागपूरची खोली उरते.
म्हणून मालकांना माझं म्हणणं: काउंटरवरचा माणूस कमी करायच्या आधी त्याच माणसाला मागच्या कामावर शिकवा. माल आवक म्हणजे पुरवठादाराचं बिल समोर ठेवून प्रत्येक आयटम स्कॅन करणं. एमआरपी, बॅच, मुदत भरणं. जुनी एमआरपी शिल्लक असेल तर वेगळी ओळ करणं. भावबदल, मुदत संपत आलेल्या मालाची आठवड्याची यादी, लेबल काटा, व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी भरणं. बिलिंग येणाऱ्या मुलीला हे पंधरा दिवसांत येतं, कारण चुका कुठं होतात हे तिनं काउंटरवर पाहिलेलं असतं. बाहेरून आणलेल्या ऑपरेटरला दाळीचे प्रकारच ओळखू येत नाहीत. तो फटका प्रकारच्या तूरदाळीच्या कोडवर सव्वा नंबर हा दुसराच प्रकार चढवतो.
आणि किऑस्कवर होणारी तूट पगारातून कापायची पद्धत सुरू होऊ देऊ नका. चार यंत्रांवर एक पोरगी उभी करायची आणि न स्कॅन झालेल्या मालाचे पैसे तिच्याकडून घ्यायचे, हा अन्याय आहे. नुकसानीची कपात करण्याआधी कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हे वेतनाच्या कायद्यात आहे. तिची हयगय नसेल तर दुसऱ्यानं केलेली चोरी तिच्या नावावर पडू शकत नाही.

मोठेबजार
ताई, मुद्दा मान्य. पण पगार वाढवून मागच्या कामावर ठेवायला मार्जिन कुठून आणायचं? किराण्यात आधीच दोन-चार टक्क्यांवर खेळ आहे.

उमरेडची
मुदत संपून फेकलेला माल, संच फोडून गेलेले साबण, चुकीच्या एमआरपीनं गेलेली पाकिटं, वसूल न झालेली उधारी, यांची महिन्याची बेरीज एकदा लिहून काढा. मागचं काम नीट झालं तर वाचतो तो पैसा हाच. मुलीच्या पगाराची तरतूद आधी तिथं शोधा, कपातीत नंतर.

बिलिंगवाला
वर्धाकाठ, तुमच्या दुकानासाठी माझा क्रम: किऑस्क नको. एक लेबल काटा सुट्या मालाशी, एक बारीक काटा मसाल्याला. दोन्ही काउंटरवर टूडी स्कॅनर, कारण जुना लेझर स्कॅनर क्यूआर वाचत नाही आणि घडी पडलेल्या पाकिटावर अडतो. बाजाराच्या दिवसासाठी तिसरं काउंटर फक्त पाच वस्तूंपर्यंत, तिथं टॅब्लेट आणि दोन इंची प्रिंटर पुरतो. बदल फेब्रुवारीत करा. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत काहीही हलवू नका, आणि लग्नसराईत किराण्याच्या याद्या लांब असतात. फेब्रुवारीत बसवलं की ३१ मार्चच्या स्टॉक मोजणीत सगळ्या चुका उघड्या पडतात आणि नवं वर्ष स्वच्छ आकड्यानं सुरू होतं.

वर्धाकाठ
हे पटलं. लेबल काट्याचं कोटेशन मागवताना त्यात नेमकं काय लिहून घ्यावं?

काटापासिंग
आयएनडी नं सुरू होणारा मॉडेल मंजुरी क्रमांक, क्लास, कमाल आणि किमान वजन, टप्पा. चालू वर्षाच्या पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानाच्या नावानं. काट्याच्या दोन्ही बाजूंना आकडा दिसायला हवा, ग्राहकाकडची बाजू झाकता कामा नये. लेबलवर देवनागरी छापता येते याचा नमुना आधी हातात घ्या. बारकोडची रचना दोन-पाच-पाच-एक अशी लेखी. लोडसेल गेला तर किती दिवसांत बदलून देणार आणि फेरपडताळणीचा खर्च कोणाचा, हे बिलाच्या मागं नको, कोटेशनमध्येच हवं. काटा दुरुस्त करणाऱ्याकडं वैध मापन शास्त्राचा दुरुस्ती परवाना आहे का तेही विचारा. परवाना नसलेल्यानं सील उघडलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.